डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अर्थविचारांतील स्थित्यंतरे

आपल्या ज्ञातीच्या कोणत्याही मेळाव्यात जेवणे आटोपून मंडळी निवांत बसली, की एक वाद हटकून निघतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, सरकारी शाळा, सरकारी नोकरी आणि सरकारी बँक नसती, तर आपली निम्मी घरे अजून सावकाराच्या चोपडीतच अडकून राहिली असती. १९९१ नंतर वाढलेली तरुण मंडळी उत्तर देतात, की परवाने, कोटे आणि साहेबांचे शिक्के यांच्यापायी आपल्या दोन पिढ्या वाया गेल्या. बाजार मोकळा झाला तेव्हा कोठे आपल्याला श्वास घेता आला. वाद रंगात आला म्हणजे दोन्ही पक्ष एकाच पुरुषाची साक्ष काढतात. तरुण मंडळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२३ सालच्या रुपयावरील ग्रंथाकडे बोट दाखवतात, तर वडीलधारी मंडळी त्यांच्या १९४७ सालच्या निवेदनाकडे. पहिल्यात सरकारच्या हाती चलनाची सत्ता मोकळी सोडण्यास कडवा विरोध आहे. दुसऱ्यात शेतजमीन, मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्याच हाती सोपवण्याची मागणी आहे. मग खरे बाबासाहेब कोणते?

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. तरीही या प्रश्नाचा नीट उलगडा व्हावा, या हेतूने त्यांचे आर्थिक लेखन कालक्रमाने वाचले आणि त्यातून जे हाती लागले, ते ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहो. जातिसंस्थेशी जन्मभर झगडलेल्या पुरुषाविषयीचा लेख एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत यावा, यात एक विसंगती आहे. ती आम्ही झाकू इच्छीत नाही. लेखाच्या अखेरीस तिच्याकडे वळणे भागच आहे.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु विद्यार्थिदशेत त्यांनी सर्वाधिक परिश्रम केले ते अर्थशास्त्रावर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. पुढे काही काळ मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून व पैसा साठवून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवली. त्यांचे तेथील गुरु एडविन कॅनन हे जुन्या उदारमतवादी परंपरेचे अर्थशास्त्रज्ञ होते. व्यापारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हा त्या परंपरेचा दंडक.

या काळातला त्यांचा १९१८ सालचा एक निबंध आजही वाचण्यासारखा आहे. हिंदुस्थानातील शेतीचे तुकडे फार लहान झाले आहेत, सबब कायद्याने ते एकत्र जोडावे व पुन्हा फुटू देऊ नयेत, अशी त्या वेळी चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी रोगाचे निदानच निराळे केले. जमीन किती एकर आहे यावरून ती पुरेशी की अपुरी हे ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात, बैल, अवजारे व भांडवल यांचे प्रमाण काय, यावरून ते ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. दुसरे काम नाही म्हणून माणसे जमिनीला चिकटून बसली आहेत, आणि म्हणूनच जमिनीचे तुकडे पडतात. तेव्हा कायद्याने बांध पुसून भागणार नाही, उद्योगधंदे वाढवून शेतीवरचा भार हलका केला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. नुसत्या सरकारी हुकुमाने आर्थिक रोग बरा होतो, यावर त्यांचा तेव्हा विश्वास नव्हता, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता रुपयाचा प्रश्न. तो आज क्लिष्ट वाटतो, पण त्यातले मर्म आपल्या दुकानदार बांधवांना चटकन उमगेल. १८३५ पासून आपला रुपया चांदीचा होता. कोणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावे आणि ठराविक आकार भरून रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. १८७० नंतरच्या काळात युरोपातील मोठ्या राष्ट्रांनी चांदी सोडून सोने धरले आणि चांदीचा भाव घसरत गेला. त्याबरोबर रुपयाची हुंडणावळही घसरली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतील देणी पौंडांत फेडावी लागत, त्यामुळे सरकारचे कंबरडे मोडू लागले. अखेर १८९३ साली सरकारने लोकांसाठी टांकसाळ बंद केली. मात्र स्वतःसाठी ती उघडीच ठेवली. रुपया किती पाडायचा, हे त्या दिवसापासून सरकार एकटे ठरवू लागले.

यातून पुढे जी व्यवस्था आकारास आली, तिला सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. देशात चांदीचा रुपया व नोट चालावी, परदेशी देण्यापुरता सरकारने ठराविक दराने पौंडांचा पुरवठा करावा, आणि हा दर सरकारने युक्तीने सांभाळावा, असे तिचे स्वरूप होते. केन्स या पुढे जगद्विख्यात झालेल्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली होती. तिच्याविरुद्ध एक हिंदी विद्यार्थी लंडनमध्येच उभा राहिला, ही गोष्ट सामान्य नव्हे. बाबासाहेबांचा आक्षेप थोडक्यात असा होता: ज्या नाण्याच्या निर्मितीला कोणतीही पक्की मर्यादा नाही, ते नाणे स्थिर राहू शकत नाही. सरकारला पैशाची गरज पडली, की ते अधिक रुपये पाडणार. रुपये वाढले, की महागाई होणार. आणि ज्याचा रोजमुरा ठरलेला आहे, तो मजूर त्या महागाईत भरडला जाणार.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय टोकाचा वाटेल इतका सरळ होता. टांकसाळ जशी लोकांना बंद, तशी सरकारलाही बंद करावी. सोन्याचे नाणे पाडण्याची टांकसाळ उघडावी. रुपया व सोन्याचे नाणे यांचे प्रमाण कायद्याने एकदा ठरवून द्यावे. दोन्ही नाणी चालावी, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची हमी सरकारने घेऊ नये. असे केले म्हणजे रुपयांची संख्या कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हाच उपाय मांडला आणि त्याला एक मार्मिक कारण जोडले. खासगी बँकेने बेताल नोटा काढल्या, तर बँकेच्या मालकांचे स्वतःचे धन बुडते, म्हणून ते जपून वागतात. सरकारी अधिकाऱ्याच्या चुकीने चलन बिघडले, तर त्याच्या खिशाला कोठेच झळ लागत नाही.

गुरुवर्य कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, तीत शिष्याच्या पुष्कळशा युक्तिवादांशी आपण सहमत नसल्याचे मोकळेपणाने नमूद केले आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक केले. मतभेद नोंदवून शिष्याची पाठ थोपटणारा गुरु आणि ती प्रस्तावना आपल्याच ग्रंथात छापणारा शिष्य, दोघेही धन्य होत. येथे एका लोकप्रिय समजुतीचीही दुरुस्ती केली पाहिजे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी सांगितलेल्या योजनेप्रमाणे स्थापन झाली, असे भाषणांतून नेहमी ऐकू येते. वस्तुतः १९२६ च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व १९३५ साली ती बँक अस्तित्वात आली. परंतु साक्षीत सुचवलेली सोन्याच्या नाण्याची योजना आयोगाने स्वीकारली नव्हती. बाबासाहेबांची थोरवी अशा अतिशयोक्तीवर अवलंबून नाही.

आता जी तरुण मंडळी १९२३ चे बाबासाहेब खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणून उभे करतात, त्यांनी त्याच ग्रंथातील दुसरी एक बाजू पाहावी. रुपया स्वस्त झाला तर निर्यात वाढते व देशाचा फायदा होतो, असे तेव्हाचे व्यापारी व गिरणीमालक सांगत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? भाव वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे मालकाच्या पदरी पडणारा नफा हा देशाला झालेला लाभ नसून मजुराच्या ताटातून उचललेला घास आहे. अर्थात सरकारवर त्यांचा जसा अविश्वास होता, तसा मालकवर्गावरही होता. फरक इतकाच, की १९२३ साली चलनाची किल्ली सरकारच्या कमरेला होती, म्हणून त्यांनी सरकारचा हात धरला.

लंडनहून परतल्यावर बाबासाहेब मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहू लागले. येथे त्यांना जो बाजार दिसला, तो कॅनन यांच्या वर्गातील बाजार नव्हता. पुस्तकातल्या बाजारात मालक कुशल मजूर शोधतो आणि मजूर अधिक वेतनाकडे जातो. कोणी कोणाची जात विचारीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, वेतन अधिक मिळे. पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली, की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागू नये, म्हणून इतर कामगार त्यांना तेथे येऊ देत नसत. १९२८ च्या प्रचंड संपात कामगार पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली, तेव्हा हा अन्यायही दूर झाला पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. ज्या बाजारात चार पैसे अधिक देणारे काम समोर दिसत असून माणसाला जन्मामुळे ते करता येत नाही, त्या बाजाराला खुला कसे म्हणावे?

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्यात हाच विचार सिद्धांतरूपाने आला आहे. जात ही श्रमाची विभागणी आहे, असे तिचे समर्थक सांगतात. बाबासाहेबांनी दाखवले, की ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीने एकावर एक रचलेली. धंदा बदलण्याची मुभा नसल्यामुळे एका धंद्यात मंदी आली, तरी माणूस दुसऱ्या धंद्यात जाऊ शकत नाही, आणि म्हणून जात ही बेकारीचेही कारण बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाही जातीविरुद्ध याहून बळकट युक्तिवाद सापडणार नाही. पण येथूनच बाबासाहेब दुसऱ्या दिशेला वळले. बाजार आपोआप जातीचे कुंपण मोडील, ही आशा त्यांनी सोडून दिली. ते मोडण्यास कायदा आणि राज्याचे बळ हवे, या निर्णयाप्रत ते आले.

त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लोकहितासाठी आवश्यक तेथे उद्योग सरकारने चालवावे वा ताब्यात घ्यावे, हे त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात मान्य केलेले होते. कोकणात तेव्हा खोतीचा जाच चालू होता. कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमीन न कसण्याचा संप पुकारला होता; तो सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही; खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. खोत व कूळ यांच्यातील करार कागदावर दोघांच्या राजीखुशीचा असे. पण एकाच्या हाती सारी जमीन आणि दुसऱ्याच्या हाती उद्याची भाकरीही नाही, अशा दोघांत राजीखुशी कसली, हा धडा कोकणातल्या घरांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. ज्या सरकारवर १९२३ साली त्यांनी टीका केली, त्याच सरकारच्या खुर्चीवर आता ते बसले होते. या काळात सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांना स्थैर्य आले, सेवायोजन कार्यालये निघाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. नद्यांचे पाणी व वीज यांचे नियोजन करणाऱ्या केंद्रीय संस्थाही याच वेळी उभ्या राहिल्या. दामोदर नदीच्या पुराला आवर घालून तिच्यापासून वीज व पाटाचे पाणी मिळवण्याच्या योजनेचा पाया याच खात्याने घातला. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. जे काम एकटा व्यापारी अंगावर घेणार नाही आणि एकटा प्रांत पेलू शकणार नाही, ते राज्यानेच केले पाहिजे, हा अनुभव त्यांना येथे प्रत्यक्ष आला.

या सर्वांचा कळस म्हणजे १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेले निवेदन. त्यातील आर्थिक योजना आजही वाचणाऱ्याला दचकवते. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावे व राज्याने चालवावे. विमा हा केवळ राज्याचा धंदा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात विमा उतरवलाच पाहिजे. शेती हा राज्याचा उद्योग असावा. मालक, कुळे वा गहाणदार यांचे हक्क रोख्यांच्या रूपाने मोबदला देऊन राज्याने घ्यावे, जमिनीचे ठराविक आकाराचे मळे पाडावे, ते गावकऱ्यांच्या गटांना जातपात न पाहता सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावे, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे. मग गावात कोणी जमीनदार राहणार नाही, कोणी कूळ राहणार नाही आणि कोणी भूमिहीन मजूरही राहणार नाही. ही सारी रचना घटनेतच लिहून टाकावी, म्हणजे निवडणुकीतील बहुमताच्या लाटेबरोबर ती वाहून जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

असे का, याचे उत्तरही त्या निवेदनात आहे. सरकारने बाजूला व्हावे म्हणजे लोक स्वतंत्र होतील, असे म्हणतात. पण हे स्वातंत्र्य कोणाला मिळते? जमीनमालकाला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला तास वाढवून मजुरी कमी करण्याचे. ज्याला उद्या कामावरून काढले तर चूल पेटणार नाही, तो भाषणाचे, संघटनेचे, धर्माचे, सारे मूलभूत हक्क नोकरीसाठी गहाण टाकण्यास तयार होतो. राज्याचा अंमल गेला, तर त्याच्या जागी खासगी मालकाचा अंमल येतो, एवढाच काय तो फरक. १९२३ चा विद्यार्थी व १९४७ चा नेता यांच्यातील दुवा आम्हांला येथे सापडतो. दोन्ही वेळी प्रश्न एकच आहे: एका पक्षाच्या हाती बेलगाम सत्ता आहे, तिला वेसण कोण घालणार? पहिल्या वेळी बेलगाम होते ते लोकांना जबाबदार नसलेले परके सरकार. त्याला वेसण म्हणून त्यांनी सोने सुचवले. दुसऱ्या वेळी बेलगाम होते ते खोत आणि मालक. त्यांना वेसण म्हणून त्यांनी लोकांनी निवडलेले, घटनेने बांधलेले राज्य सुचवले. वेसण बदलली, ज्याच्यासाठी ती हवी होती, तो शेवटच्या ओळीतला माणूस बदलला नाही.

मात्र कथा येथे संपत नाही. १९४८ च्या १५ नोव्हेंबरला घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी राज्याला समाजवादी म्हणून घोषित करणारी दुरुस्ती सुचवली, आणि तिला विरोध केला तो मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनीच. समाजाची आर्थिक रचना कशी असावी, हे काळ व परिस्थिती पाहून त्या त्या वेळच्या लोकांनी ठरवावे; घटनेने त्यांचे हात बांधणे लोकशाहीला धरून नाही, असे ते म्हणाले. शिवाय संपत्ती मूठभरांच्या हाती साठू नये, समान कामाला समान वेतन मिळावे, ही तत्त्वे मार्गदर्शक तत्त्वांत आलीच आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. जो मुद्दा वर्षा-दीडवर्षापूर्वी त्यांनी स्वतः मांडला, तोच आता बाजूला सारला. पदामुळे त्यांना मसुद्याची बाजू घ्यावी लागली, असे कोणी म्हणतील. त्यात तथ्य असेलही. पण १९५१ साली, मंत्रिपद सोडल्यानंतर, आपल्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यातही त्यांनी कोणत्याही एका वादाला बांधून घेतले नाही. राष्ट्रीय मालकी जेथे शक्य व आवश्यक तेथे ती, आणि जेथे ती आवश्यक नाही व खासगी उद्योग शक्य आहे तेथे खासगी उद्योग, अशी मोकळी भूमिका त्यांनी घेतली. त्याच जाहीरनाम्यात विम्याचे राष्ट्रीयीकरण मात्र कायम होते. १९५६ च्या नोव्हेंबरात, निधनापूर्वी थोडेच दिवस, काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी गरिबांच्या दुःखनिवारणाचे ध्येय मान्य केले, पण हिंसा व हुकूमशाही यांचा मार्ग नाकारला.

आमच्या मते १९४७ च्या योजनेला सर्वांत कठीण प्रश्न विचारू शकतील ते १९२३ चे बाबासाहेबच. सारी जमीन राज्याची झाली आणि तलाठी, मामलेदार वा महामंडळाचा अधिकारी हाच नवा खोत बनला, तर? त्याच्या चुकीने मळा बुडाला, तर त्याच्या खिशाला झळ लागेल काय? या प्रश्नाचे पुरते उत्तर त्या निवेदनात मिळत नाही. पण तो त्यांच्या मनातून गेला नव्हता, याची खूण घटनेत आहे. सरकारचा हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे त्यांनी १९४९ साली घटना समितीत सांगितले. राज्याच्या हाती काम द्या, पण चोपडी तपासणारा माणूस राज्याच्या मुठीत ठेवू नका, हा त्याचा अर्थ.

पुढील इतिहास आपणा सर्वांच्या घरांतून गेला आहे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६९ साली चौदा मोठ्या बँका सरकारने घेतल्या. समाजवादी हा शब्द १९७६ च्या दुरुस्तीने घटनेत आला. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य सैल झाले, आणि १९९९ च्या कायद्याने विमाही खासगी कंपन्यांना खुला झाला. यांतील प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी बाबासाहेबांचे नाव घेतले. त्यांचे मत बदलले म्हणून त्यांच्यात निश्चय नव्हता, असे समजणे चूक आहे; आणि एका वर्षाचे मत उचलून तेच त्यांचे अखेरचे मत म्हणून मिरवणे, ही त्याहून मोठी चूक आहे. सरकार की बाजार, हा त्यांचा मूळ प्रश्न नव्हताच. ही सत्ता कोणाच्या हाती आहे, ती कोणाला जबाबदार आहे, आणि तिच्या तडाख्यात सापडणारा कोण आहे, हे तीन प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारीत, आणि जे उत्तर मिळे, त्याप्रमाणे उपाय बदलीत.

आता सुरुवातीला सांगितलेल्या विसंगतीकडे वळतो. ज्ञातिबंधूंनो, आपले मंडळ सरकार नव्हे आणि बाजारही नव्हे. पण त्याच्या हातीही लहानशी सत्ता आहेच. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, वसतिगृहात कोणाला खोली द्यायची, कोणाच्या कर्जाला जामीन राहायचे, हे आपण ठरवतो. आपल्या दुकानात वा कारखान्यात माणूस ठेवताना, तो कामाचा आहे का, हे विचारण्याआधी तो आपल्यातला आहे का, हे आपण विचारतो. एके काळी आपल्या मुलांना शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते, तेव्हा वाडवडिलांनी पदरमोड करून ही दारे उभारली. त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु ज्या दाराने आपल्याला आसरा दिला, तेच दार दुसऱ्या कोणाच्या तोंडावर लागत असेल, तर साचेखात्यात आणि आपल्यात फरक तो काय उरला?

सरकारने काय करावे, बाजाराने काय करावे, यावर आपण पुढील मेळाव्यातही वाद घालूच. तो घालावा, त्यात गैर काही नाही. पण वादापूर्वी आपल्या हातातल्या किल्लीकडे एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. वसतिगृहातील काही खोल्या जात न विचारता गरजू व हुशार विद्यार्थ्यांना द्याव्या, शिष्यवृत्तीतील काही भाग सर्वांसाठी खुला करावा, आणि मंडळाची चोपडी तपासण्यास ज्ञातीबाहेरचा एक जाणता हिशेबनीस नेमावा, अशी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे मांडणार आहो. सभेने तिचा विचार करावा. जयंतीच्या दिवशी तसबिरीला हार घालणे सोपे असते; त्यांचे तीन प्रश्न स्वतःच्या मंडळाला विचारणे अवघड, पण तेच त्यांना खरे अभिवादन होय.